आहेर परत घेत नाहीत

नाशिक
६ जानेवारी २००३

ती. बाबांस आणि आईस,
सविनय जयभीम.

मी बरी आहे. गेल्या महिन्यात खोली बदलली. फोनवरच सांगणार होते, पण आपला फोन म्हणजे मधुकररावांच्या कापडाच्या दुकानातला बूथ. तुम्ही 'हॅलो' म्हणालात की दुकानातले सगळे कापड मोजायचं थांबवून ऐकत बसतात. खोली बदलली म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत घरमालकाने मला हाकलून दिल्याची बातमी बपेराभर होणार. म्हणून पत्र.

कारखान्यात सध्या मोठं काम आलं आहे. एका पाणीपुरवठा योजनेचे विजेचे पॅनेल आम्ही बनवतो आहोत आणि त्यांची तपासणी माझ्याकडे आहे. माझी सही झाल्याशिवाय एकही पॅनेल दाराबाहेर जात नाही. हे आईला नीट समजावून सांगा, नाहीतर ती अजून मी बल्ब बसवते असंच लोकांना सांगते.

आता कामाचं. मागच्या जुलैत मी प्राप्तिकर खात्यात माझ्या पगाराचं विवरण भरलं होतं. खोलीचा काही भरवसा नव्हता, म्हणून पत्ता आपल्या घरचा दिला. त्यांचं उत्तर दिवाळीपर्यंत यायचं होतं, अजून पत्ता नाही. ते रजिस्टर पाकिटाने येईल. गोमाजीकाका आणून देतील. सही करून घ्या आणि माझ्याकडे पाठवा. आत काय आहे ते आत्ता सांगत नाही. गंमत आहे.

तुमची
करुणा


बपेरा, ता. तुमसर
१७ जानेवारी २००३

चि. करुणास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सहीची गोष्ट तुझ्या आईला सांगितली. ती म्हणाली, "मंग बल्ब कोन बसोते?" तिचं मी पाहून घेतो.

प्राप्तिकर खात्याचं पाकीट येणार हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण सांगतो. तुला शिष्यवृत्ती मिळून तू तंत्रनिकेतनात गेलीस, त्या वर्षी मधुकररावाने भरल्या दुकानात मला म्हटलं होतं, "तुमचं काय गा तेजराम, तुमी त सरकारचे जावई." आम्ही चौथीपर्यंत एका वर्गात होतो. माणूस वाईट नाही, पण जीभ सैल. मी तेव्हा काही बोललो नाही. सारी नोकरी मँगनीजच्या खाणीत ट्रकच्या वजनकाट्यावर काढली. वजन हाती आल्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

परवा बोललो. तुझं पत्र खिशात होतं. मी म्हटलं, "मधुकरराव, जावयाले आहेर भेटते. आमी त आता सरकारले आहेर करून राहिलो. माही पोरगी दर महिन्याले टॅक्स देते, अन् सरकारचं तिले रजिस्टर येऊन राहिलं." दुकानात सहासात माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. मधुकररावाने एक लुगडं दोनदा मोजलं.

आपल्या वस्तीत आजवर सरकारकडून घेणारे पुष्कळ झाले. मीही घेतलं, तुझं शिक्षणही त्यावरच झालं, त्याची मला लाज नाही. पण देणारी तू पहिली. त्या पाकिटात काय असणार ते मी ओळखलं आहे. तू गंमत म्हणतेस, म्हणून मीही बोलत नाही. घरात जागा करून ठेवली आहे, एवढंच सांगतो.

तुझा
बाबा


नाशिक
८ फेब्रुवारी २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

जागा कसली करून ठेवलीत? आईच्या पेटीत टाकलं तरी पुरे. आणि तुम्ही दुकानात जे बोललात ते वाचून मी मेसमध्ये एकटीच हसले. समोरच्या मुलीने विचारलं, लग्न ठरलं की काय.

आता गंमत सांगूनच टाकते, कारण माझ्याच्याने राहवत नाही. पगारातून माझा जो कर कापला, त्यातले काही पैसे जास्तीचे गेले होते. ते सरकार परत पाठवणार आहे. पाकिटात त्याचा चेक असेल. २३ मार्चला कारखान्यात घरच्या माणसांना बोलावतात, जेवण देतात, यंत्रं दाखवतात. त्या पैशातून तुम्हा दोघांची तिकिटं काढायची आणि आईला नवं लुगडं घ्यायचं, असं मी जुलैपासून मनात धरून बसले आहे. माझ्या सहीचा पॅनेल तुम्हाला हात लावून बघायला मिळेल.

पण पाकीट येईना. इथले एक साहेब म्हणाले, जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्यापासून आपल्याकडचं टपाल कधी कधी चुकून तिथे जातं. गोमाजीकाकांना विचाराल का?

तुमची
करुणा


बपेरा
२७ फेब्रुवारी २००३

चि. करुणास,
जयभीम.

पत्र मिळालं. पाकीट घरात नाही. टपालाचं काय होतं ते टपालवाल्यांना माहीत.

तुझी नोकरी नीट चालू आहे ना? साहेबलोकांशी काही बोलाचाली तर झाली नाही? पगार पूर्ण मिळतो का? कर पूर्वीसारखाच कापतात, की बंद केला? यातलं खरं काय असेल ते मला लिही. मी तुझा बाप आहे, लपवायचं कारण नाही.

नाशिकला यायचं सध्या नको. आईचे गुडघे दुखतात. धानाचंही काम आहे.

बाबा

(माहे गुडघे बरे हायेत. धान कवाच घरात आलं. — आई)


नाशिक
२९ मार्च २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

२३ तारीख गेली. सगळ्यांचे आईवडील आले होते. एका मुलीचे वडील तर सोलापूरहून डब्यात चटणी घेऊन आले. मी माझ्या पॅनेलजवळ उभी राहून दुसऱ्यांच्या आयांना तो समजावून सांगत होते. तुम्ही आला नाहीत याचं मला वाईट वाटलं. आईच्या दोन ओळी वाचल्यावर तर जास्तच वाटलं. आणि नोकरीविषयी तुम्ही जे विचारता त्याचा अर्थच मला लागत नाही. नोकरी उत्तम आहे. कर कापतात आणि कापतच राहतील.

काल अर्धी रजा टाकून मी प्राप्तिकराच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी सगळे कागद बघितले. पाकीट जानेवारीअखेर निघालं होतं आणि फेब्रुवारीत परत आलं. मी स्वतः ते पाहिलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं आहे, 'घेण्यास नकार'. खाली गोमाजीकाकांची सही.

मला इतका संताप आला की काय सांगू. आपल्या वस्तीपर्यंत सायकल रेटायचा कंटाळा, म्हणून माणूस असं लिहितो? त्यांनी माझ्या प्रवेशाचं पत्र आणलं तेव्हा आईने त्यांना साखर दिली होती. तुमसरच्या पोस्टात द्यायला मी तक्रार लिहून ठेवली आहे. त्यांची नोकरी गेली तरी मला वाईट वाटणार नाही. तुमचं उत्तर आलं की टाकते.

करुणा


बपेरा
५ एप्रिल २००३

चि. करुणास,
जयभीम.

तक्रार फाडून टाक. गोमाजीने जे लिहिलं ते खरं आहे. नकार मी दिला.

तुझं गमतीचं पत्र यायच्या आधीच पाकीट आलं. मी मधुकररावाच्या दुकानात होतो. गोमाजी तिथेच आला. म्हणाला, "तेजरामभाऊ, सही करा. सरकारनं पोरीचे टॅक्सचे पैसे वापस धाडले." मागच्या साली हेडमास्तरचं असंच पाकीट आलं होतं, म्हणून त्याला रूपावरून ओळखता आलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मधुकररावाने ऐकलं आणि म्हणाला, "का गा तेजराम, आहेर वापस आला वाटते." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मला माझे वडील आठवले.

तुला ही गोष्ट कधी सांगितली नाही. मी लहान असताना गावातल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. माझ्या वडिलांनी त्या घरी पुष्कळ वर्षं राबणूक केली होती. त्यांनी मजुरीतून नवं धोतर घेतलं, हळदीचं बोट लावलं आणि आहेर म्हणून नेलं. मी बरोबर होतो. अंगणातूनच ते परत केलं. म्हणाले, तुमच्या हातचं चालत नाही. वडिलांनी ते धोतर घरी आणलं, पण जन्मात नेसले नाहीत. माझी आई म्हणायची, नेसा, पैसे लागले आहेत. ते म्हणायचे, दिलेला आहेर परत घेत नाहीत.

म्हणून मी गोमाजीला म्हटलं, "लिहा, घेतलं नाही. आमी देल्लं ते देल्लं." त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं आणि घरी आलो.

मग तुझं पत्र आलं. तू 'जास्तीचे' असं लिहिलंस. करुणा, आहेरात जास्तीचं काय असतं? मला वाटलं, तुझी काही चूक झाली, त्यांनी तुझं नाव कर देणाऱ्यांतून काढलं, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून तू गोड करून लिहितेस. म्हणून नोकरीचं विचारलं. आता तू सांगशील ते ऐकायला मी तयार आहे. पण पैसे सरकारकडेच राहू दे.

बाबा

करुना, मी आई लिहून राहिली. आता समदं सांगते. तुह्या बाबानं पाकिटासाठी सुताराकडून सागवानी चौकट बनवून आनली. काच लावून. बाबासाहेबाच्या फोटोखाली खिळा ठोकून लटकवली. त्याइले वाटे का सरकार मोठ्ठा शिक्कावाला कागद धाडन, तुहं नाव लिहून. आता रिकामी चौकट भिंतीवर हाये. काढू म्हनलं त काढू देत नाई. येनारा जानारा इचारते, इथं कोनाचा फोटो लावता. ते मधुकररावच्या दुकानात आता जातच नाई. चहा पन घरीच पेते, अन् दिवसभर मले शिकवते का भाजीत मीठ किती टाकावं. तू काई तरी कर माय.


नाशिक
१३ एप्रिल २००३

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

उद्या जयंती. इथे सकाळी मिरवणूक आहे, आम्ही सगळ्या मुली पांढऱ्या साड्या नेसून जाणार आहोत. त्याआधी हे पत्र पुरं करते.

तक्रार फाडली. गोमाजीकाकांना माझा नमस्कार सांगा. मनातल्या मनात मी त्यांना जे जे बोलले ते त्यांना कधी कळू देऊ नका.

आजोबांच्या धोतराचं वाचून मी रडले. मग तुमचा राग आला, की एवढी गोष्ट तुम्ही मला इतकी वर्षं सांगितली नाही. आणि मग मला तुमचा इतका अभिमान वाटला की दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यात मैत्रिणीला सांगितलं, माझ्या बाबांनी सरकारचा चेक परत पाठवला. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

आता मी सांगते ते काट्यावर बसून ऐका. खाणीतून ट्रक यायचा. परवान्यापेक्षा माल जास्त भरला, तर तुम्ही तो उतरवायला लावायचात. मग ट्रक पुढे जायचा. जास्तीचा माल उतरवला म्हणजे ट्रक परत पाठवला, असं तुम्ही कधी म्हणालात का? इथेही तेच झालं. सरकारने माझा कर परत केलेला नाही. कर ठेवून घेतला आहे, पावती माझ्याकडे आहे. बायकांना करात थोडी सूट असते. कारखान्याच्या ऑफिसने ती धरलीच नाही आणि पुरुषांच्या हिशेबाने माझा कर कापला. जो भार माझा नव्हताच, तेवढा सरकारने उतरवला. आजोबांचं धोतर परत केलं तेव्हा कोणी वजन केलं होतं? त्यांचा सगळाच आहेर नाकारला. आपला आहेर सरकारने मोजून घेतला, बाबा.

आणखी एक. पाकिटातले पैसे नुसते तेवढेच नाहीत. त्यावर व्याज आहे. आपले पैसे सरकारकडे जास्त दिवस राहिले, म्हणून सरकारने आपल्याला व्याज दिलं आहे. सोबतच्या कागदावर ते वेगळं लिहिलेलं आहे. तुम्ही पाकीट परत पाठवल्यानंतरचं व्याज मिळेल का, असं मी प्राप्तिकराच्या कचेरीतल्या साहेबांना विचारलं. ते हसले. म्हणाले, तुमच्या वडिलांच्या हट्टावर व्याज द्यायची कायद्यात सोय नाही.

मी नवा अर्ज दिला आहे. साहेबांनी विचारलं, पत्ता बदलून नाशिकचा टाकायचा का, म्हणजे लवकर मिळेल. मी नाही म्हटलं. मधुकररावांच्या दुकानातून परत आलं आहे ते, तिथेच पुन्हा जाऊ दे. उशीर झाला तरी चालेल. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुन्हा नकार दिलात तर मी तिसरा अर्ज करणार नाही, आणि कधी बोलूनही दाखवणार नाही.

तुमची
करुणा


बपेरा
१२ जून २००३

चि. करुणास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं एप्रिलचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. उत्तर दिलं नाही, कारण वजन हाती आलं नव्हतं. आता आलं आहे, म्हणून लिहितो.

पाकीट काल आलं. गोमाजी या वेळी शहाणा झाला होता. दुकानावर न थांबता सरळ घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि हळूच म्हणाला, "तेजरामभाऊ, पुन्हा आलं जी. काय लिहू?" तुझी आई दारात उभी होती. माझ्याकडे अशी बघत होती की नकार दिला असता तर रात्री जेवण मिळालं नसतं. मी म्हटलं, "इथं नाई. चाला दुकानावर."

फेब्रुवारीपासून मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. मला बघून मधुकररावाने गादी झटकली आणि बस म्हणाला. मी उभाच राहिलो. सगळ्यांसमोर सही केली, पाकीट फोडलं. चेक खिशात ठेवला आणि दुसरा कागद मधुकररावाच्या हातात दिला. तो इंग्रजी वाचतो. म्हटलं, "जोरानं वाचा."

त्याने वाचलं. इतका कर लागत होता, इतका भरला, इतका जास्त भरला. मग एका ओळीवर थांबला. चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. म्हणाला, "व्याज? सरकार व्याज देऊन राहिलं तुमाले?"

मी म्हटलं, "मंग. आमचे पैसे सरकारनं वापरले. फुकट कायले वापरन?"

करुणा, माझ्या बापाने जन्मभर लोकांना व्याज दिलं. मीही दिलं, तुझ्या पहिल्या वर्षाच्या वसतिगृहासाठी दिलं. आपल्या घरात व्याज आलं ते पहिल्यांदा, आणि कोणाकडून, तर सरकारकडून. ते ऐकताना मला तुझे आजोबा त्या दुकानात उभे दिसले. मी समोरच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. पैसे माझे होते, पण मी म्हटलं, "प्या, व्याजाचा हाये." मधुकररावाने सगळ्यात आधी कप उचलला. चहा पिऊन म्हणाला, "पोरगी दिवाळीले येईन त माहे बी कागद पाहून देईन का? आमी कोष्टी, बापजाद्यापासून मागावर बसलो, दुकान टाकलं, पन हे टॅक्सचं काई समजलंच नाई." मी म्हटलं विचारतो. तुझी फी काय ती तूच ठरव. कमी सांगू नकोस.

बायकांना सूट असते हे तुझ्या आईला सांगितलं. तिला वाटलं, मी बनवतो. मग म्हणाली, "सरकारले कोनी तरी बाईनं समजावून सांगतलं असन. घरचं काम करून वरून नोकरी, त्याचे पैसे कोन देते?" काल संध्याकाळी घरातले चहाचे कप मी विसळले.

चेक या पत्रासोबत रजिस्टरने पाठवतो आहे. त्यातून तिकिटं काढ. कारखान्यातलं जेवण गेलं, पण तुझा पॅनेल पाहायला जेवण कशाला लागतं? तो कुठे बसवला असेल तिथे घेऊन चल, मी हात लावून पाहीन.

दुसरा कागद मात्र पाठवत नाही. तो चौकटीत बसवला. सुताराने चौकट थोडी मोठी केली होती, म्हणून मागे पुठ्ठा घातला. शिक्का अगदी लहान आहे, एका कोपऱ्यात, पण काचेतून दिसतो. आता येणारा-जाणारा विचारतो, हा कशाचा कागद? मी व्याजाच्या ओळीवर बोट ठेवतो आणि तुझं नाव वाचून दाखवतो.

यंदा मात्र तुझ्या ऑफिसवाल्यांकडून हिशेब नीट करून घे. जास्त जाऊ देऊ नकोस, आणि कमी तर मुळीच नको. काट्यावरच्या माणसाची लेक आहेस.

तुझा
बाबा